को जागर्ति

पावसाळा सरत आला की बालाघाटाच्या डोंगररांगांवर शरद ऋतूची चाहूल लागते. आभाळ धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते, बाजरीची कणसे भरतात आणि सोयाबीनच्या शेंगा वाळू लागतात. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याच्या खेड्यापाड्यांत हे दिवस मोठ्या गडबडीचे असतात. सुगी, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी अशी कामांची व सणांची एकच रांग लागते. शाळेतही याच सुमारास सत्राची परीक्षा येते. शेतात कापणी आणि शाळेत परीक्षा. घरातील लहानथोरांपैकी कोणासच उसंत मिळत नाही.

परंतु सन २०२० चा शरद ऋतू आला तो निराळाच. सुगी होती, सण होते. मात्र शाळेची घंटा वाजत नव्हती. कोरोना विषाणूमुळे उद्भवलेली कोविडची साथ जगभर पसरली होती. महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण आढळले. त्याच महिन्यात राज्यातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सबंध देशात टाळेबंदी लागू झाली. हा रोग श्वासावाटे व खोकल्याशिंकेवाटे पसरे. म्हणून माणसांनी एकत्र जमणे हेच धोक्याचे ठरले. आणि शाळा म्हणजे तर एकत्र जमणेच!

मुले घरी राहिली तरी शिक्षण थांबू नये, यासाठी अनेक उपाय योजले गेले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला मोबाइलवर येऊ लागली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तके घरपोच झाली. शाळेत शिजणाऱ्या दुपारच्या आहाराचे तांदूळ व कडधान्यही कोरड्या शिध्याच्या रूपाने घरी मिळू लागले. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता त्यांनी तो पाहिला. ज्यांच्याकडे नव्या तऱ्हेचा मोबाइल होता त्यांना अभ्यास त्यावर मिळाला. परंतु ज्या घरी या दोहोंपैकी काहीच नव्हते, त्या घरच्या मुलांचे काय? या प्रश्नाचे उत्तर गावोगावी निरनिराळ्या रीतीने शोधावे लागले. एका खेड्यातील एका ओसरीवर ते कसे शोधले गेले, त्याचीच ही हकीकत.

ओंकार त्या वर्षी सहावीत होता आणि त्याची थोरली बहीण आरती नववीत. घरी आईबाबा आणि आजी. चार एकर जिरायत शेती, एक म्हैस व काही शेळ्या, एवढाच संसार. जून महिन्यात बाबांनी दोन शेळ्या विकून मुलांच्या अभ्यासासाठी मोबाइल घेतला. तेव्हापासून घराचे वेळापत्रक त्या एवढ्याशा वस्तूभोवती फिरू लागले. सकाळी दहा ते बारा तो आरतीकडे असे. कारण तिची माध्यमिक शाळा दोन कोसांवरच्या मोठ्या गावी होती आणि तेथील शिक्षक त्या वेळी मोबाइलवरून तास घेत. दुपारी तो बाबांबरोबर शेतात जाई. चार वाजता तो ओंकारच्या हाती येई. रात्री आजी त्यावर तुळजापूरच्या देवीची आरती ऐके. देवीचे देऊळही भाविकांसाठी बंदच होते.

घरातील इतर रीतीही बदलल्या होत्या. बाहेरून येणाऱ्याने आधी रांजणाजवळ साबणाने हात धुवायचे, मगच उंबरा ओलांडायचा. मुखपट्ट्या रोज उकळत्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत पडत. सप्टेंबरच्या मध्यापासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आशाताई घरोघर येऊन सर्वांचा ताप व रक्तातील प्राणवायू तपासू लागल्या. आजीच्या बोटाला त्यांनी लहानसे यंत्र लावले आणि “प्राणवायू अगदी चांगला आहे, आजी!” असे सांगितले. आजी म्हणाली, “चांगला असायचाच. पण बाई, घरात पोरे कोंडून कोंडून चिडकी झाली आहेत. ते मोजायचे यंत्र आणले आहेस का?” आशाताई हसल्या, पण आजीने ते उगाच विचारले नव्हते.

त्याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या घरात मुक्ता राही. ती ओंकारच्याच वर्गातली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. बालाघाटातील हजारो कुटुंबे अशीच जातात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम अशा अनेक कोयत्यांची टोळी बांधतो आणि हंगामापूर्वीच त्यांना पैसे उचल म्हणून देतो. मग पाचसहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा अशा जिल्ह्यांतील उसाच्या फडात राबून ती उचल फेडायची. मुक्ताच्या वडिलांकडे एक साधा, बटणांचा फोन होता. त्यावर बोलता येई. पाठ पाहता येत नसे. म्हणून ती रोज चार वाजता ओंकारच्या ओसरीवर येई. आजी दोन पाट हातभर अंतरावर मांडी आणि मध्ये मोबाइल ठेवून दोघे शिकत.

प्रारंभी ओंकारला त्याचे काही वाटले नाही. पुढे मात्र तो कंटाळू लागला. मुक्ता एकदा पाहिलेला भाग पुन्हा पाहायला मागे, मध्येच थांबवायला सांगे आणि फळ्यावरचा शब्द न् शब्द उतरवून घेई. ओंकारला तो भाग भरभर संपवून खेळ पाहायचा असे. एके दिवशी मुक्ता म्हणाली, “कालचे गणित पुन्हा एकदा लाव ना.” तेव्हा ओंकार चिडून म्हणाला, “रोज रोज तुला दाखवायला घेतला आहे का आमच्या बाबांनी मोबाइल?”

मुक्ताने वही मिटली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. आजीने कोणास काही विचारले नाही. चौथ्या दिवशी तिने पाट मांडले तेव्हा एवढेच म्हटले, “एकच मांडू की दोन?” ओंकारने मान खाली घातली. तो उत्तर देऊ शकला नाही.

त्या वर्षी आश्विन महिना अधिक आला होता. त्यामुळे नवरात्र एका महिन्याने लांबणीवर पडले होते. सोयाबीनची कापणी होऊन शेतात गंजी लागली होती. इतक्यात ऑक्टोबरच्या मध्यास मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात अतिवृष्टी झाली. रात्रंदिवस पाऊस कोसळला. ओढे पात्र सोडून शेतांत शिरले. वाऱ्याने खांब पडले आणि गावातील वीज गेली ती चार दिवस आली नाही. बाबांनी गंजीवर ताडपत्री टाकली होती. परंतु खालून पाणी शिरले आणि शेंगांना कोंब फुटले. वर्षाचे पीक डोळ्यांदेखत गेले. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून तासन् तास पावसाकडे पाहत राहत. त्यांच्याशी बोलण्याचे कोणास धैर्य होत नसे.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रातील शाळांत तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. शाळा बंद असली तरी गुरुजींनी आधीच शाळेच्या कपाटातील पुस्तके एका झोळीत भरून घरोघर पोहोचविली होती. त्या दिवशी प्रत्येक घरात एक तास वाचन व्हावे, असा त्यांचा निरोप होता. वीज नाही, मोबाइल कधीच विझलेला आणि बाहेर पावसाची संततधार. अशा वेळी आरतीने चिमणीच्या उजेडात मोठ्याने गोष्ट वाचली. आई भाकरी थापता थापता ऐकत होती. बाबाही हळूहळू खांबापासून उठून आत येऊन बसले. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी त्या दोन दिवसांत प्रथमच तोंड उघडले. “आणखी एक वाच,” ते म्हणाले.

ओंकारच्या मनात मात्र दुसरीच चिंता होती. पूर्णांक संख्यांवरील उदाहरणे सोडवून गुरुजींना द्यायची होती आणि त्या पाठातील एक अक्षरही त्याने लिहून घेतलेले नव्हते. सारे मोबाइलमध्ये आहे, हवे तेव्हा पाहू, अशा समजुतीत तो राहिला होता. आता मोबाइल म्हणजे नुसते काळे पाटीसारखे काच-झाकण झाले होते. पुस्तक उघडून पाहिले, तर पहिल्याच उदाहरणापाशी गाडी अडली. उणे पन्नासमध्ये अधिक वीस मिळविले तर उत्तर किती? ओंकारने सत्तर लिहिले. मग खोडून उणे सत्तर लिहिले. तेही त्याला पटेना.

पाऊस थोडा उघडताच तो गल्लीच्या टोकाशी गेला. दारातच थबकला. मुक्ता धाकट्या भावाला मांडीवर थोपटीत बसली होती. तिच्यासमोर जुन्या दिनदर्शिकेची पाने शिवून केलेली वही होती. पानांच्या कोऱ्या बाजूंवर तिने सबंध पाठ सुवाच्य अक्षरात उतरविला होता. ओसरी सुटल्यापासूनचा भागही त्यात होता. कारण गुरुजी आठवड्यातून दोनदा देवळाच्या पारावर पाच-पाच मुलांना अंतरावर बसवून शिकवीत आणि तेथे ती एकदाही चुकली नव्हती.

“मुक्ता, मला उणे संख्या समजत नाहीत,” ओंकार कसाबसा म्हणाला.

मुक्ताने त्याला बसायला गोणपाट पुढे केले. ती म्हणाली, “समज, माझ्या बाबांनी मुकादमाकडून पन्नास हजार उचल घेतली. म्हणजे आम्ही उणे पन्नासवर उभे आहोत. डिसेंबर संपेपर्यंत तोडणी करून वीस हजार फिटले. आता आमच्याकडे सत्तर हजार आले का?”

“नाही. अजून तीस हजार देणेच आहे.”

“मग उत्तर उणे तीस.”

ओंकार तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. मोबाइलमध्ये दोनदा पाहूनही जे त्याला उमगले नव्हते, ते तिने चार वाक्यांत समजावून दिले होते. ते तिला इतके सहज का समजले असावे, हाही विचार त्याच्या मनात आला आणि तो ओशाळला. “त्या दिवशी मी बोललो ते चुकले,” एवढे म्हणून तो वही उतरवून घेऊ लागला. मुक्ताने वही त्याच्याकडे सरकवली आणि भावाला पुन्हा थोपटू लागली.

२५ ऑक्टोबरला दसरा आला. दरवर्षी शाळेत पाटीपूजन होई. या वर्षी ते घरीच करायचे होते. आजीने पाटी धुऊन पुसून ओंकारपुढे ठेवली. एकाचे आकडे जुळवून त्याने तिच्यावर सरस्वती काढली. शेजारी पुस्तके, लेखणी, बाबांचा विळा आणि आईची सुई मांडली. मग क्षणभर विचार करून त्याने मोबाइलही पाटीशेजारी ठेवला. “याची पूजा करायची का, आजी?”

आजीने त्यालाही हळदकुंकू लावले. ती म्हणाली, “ज्यातून विद्या मिळते ते सगळे सरस्वतीचेच, बाळा. पण दसऱ्याचे सोने आपण काय करतो?”

“वाटतो.”

“हं. घरात ठेवले तर तो नुसता पाला.”

त्या वर्षी गळाभेटी नव्हत्या, पायांवर डोके टेकणेही नव्हते. लोक दुरूनच हात जोडीत आणि आपट्याची पाने उंबऱ्यावर ठेवीत. ओंकारनेही मुक्ताच्या उंबऱ्यावर पान ठेवले आणि मोठ्याने सांगितले, “उद्यापासून चारला ये. तू म्हणशील तिथे थांबवीन आणि म्हणशील तितक्यांदा दाखवीन.” दुसऱ्या दिवशी चार वाजता आजीने न विचारताच दोन पाट मांडले.

३० ऑक्टोबरची रात्र. कोजागरीचा चंद्र डोंगरावर आला आणि चिखलाने भरलेली शेतेसुद्धा रुपेरी दिसू लागली. आईने अंगणात चुलीवर म्हशीचे दूध आटवत ठेवले होते. मुक्ता व तिची आईही येऊन जरा अंतरावर बसल्या होत्या. कोजागरीला घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. त्यास आश्विनी म्हणतात. आईने आरतीला ओवाळले. एरवी नवे कापड मिळे; पण सोयाबीन गेले होते, तेव्हा या वर्षी ते शक्य नव्हते. आरतीने त्याबद्दल ब्रही काढला नाही.

आजीने नेहमीप्रमाणे सांगितले, “आज मध्यरात्री लक्ष्मी आकाशातून फिरते आणि विचारते, ‘को जागर्ति?’ म्हणजे कोण जागे आहे? जो जागा असेल त्याच्या घरी ती येते.”

मुक्ताची आई खिन्नपणे हसली. “आजी, आम्ही तर फडात पहाटे तीनपासून जागेच असतो. आमच्याकडे अजून यायची आहे ती.” मग ती आरतीच्या आईला म्हणाली, “वहिनी, मुकादम येऊन गेला. दिवाळी झाली की निघायचे.”

अंगणात शांतता पसरली. मुक्ता जाणार म्हणजे काय, हे सर्वांस ठाऊक होते. मागल्या वर्षी गावात मुलांसाठी हंगामी वसतिगृह होते. या वर्षी शाळाच बंद, तेव्हा ते सुरू होईल की नाही हे कोणासही सांगता येईना. आरती पुढे सरून म्हणाली, “आई, मला आश्विनीचे काहीच नको. मुक्ताला आपल्याकडे ठेवून घ्या.”

आई काही बोलण्याआधी मुक्ताच्या आईनेच उत्तर दिले. तिचा आवाज कठोर नव्हता. उलट, थकलेला होता. “पोरी, तुझे मन मोठे आहे. पण माझा धाकटा अजून रांगतो. आम्ही दोघे फडात उतरलो की कोपीवर त्याला कोण पाहील? तेथे पाचटाला आग लागते, साप निघतात, रस्त्यावर ट्रॅक्टर धावत असतात. आणि या वर्षी तुमचेही शेत गेले आहे. कोणत्या तोंडाने मी माझी पोर तुमच्या भाकरीवर ठेवू?”

यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. बाबांनी मान हलविली. मुक्ता चंद्राकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण ती बोलली नाही. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला ओंकार म्हणाला, “तिने गेलेच पाहिजे, तर वही तिच्याबरोबर जाऊ दे.”

“कसली वही?”

“मी लिहितो. पुढचे सगळे पाठ. दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत.”

त्या रात्रीपासून ओसरीवर दिवा उशिरापर्यंत जळू लागला. ओंकार मोबाइलवरील पाठ थांबवीत थांबवीत उतरवून काढी. गणिताची उदाहरणे, भाषेचे प्रश्न, विज्ञानाच्या आकृत्या, सारे काही. चुकले तर आरती दुरुस्त करी. गुरुजींना हे कळले तेव्हा त्यांनी शंभर पानांच्या दोन वह्या आणून दिल्या आणि प्रत्येक पाठाखाली स्वतः प्रश्न घातले. उतरवता उतरवता ओंकारला एक गोष्ट ध्यानात आली: पूर्वी जे पाहून तो विसरे, ते आता त्याच्या मनात पक्के राहत होते. दुसऱ्यासाठी लिहिताना त्याचा स्वतःचाच अभ्यास होत होता.

पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी, राज्यातील देवळे पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचा ट्रक गावातून निघाला. भांडीकुंडी, सरपण व शेळी-कोंबड्यांसह माणसे दाटीवाटीने बसली होती. मुक्ताच्या एका कडेवर भाऊ होता आणि दुसऱ्या काखेत कापडात गुंडाळलेल्या वह्या होत्या. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग हळूहळू सुरू होऊ लागले, तेव्हा आरती मुखपट्टी बांधून दोन कोस चालत शाळेत जाऊ लागली. ओंकारची शाळा मात्र बंदच होती.

एका रविवारी रात्री दहाच्या सुमारास मोबाइल एकदा वाजून थांबला. ओंकार पेंगुळला होता. आरतीने त्याला हलविले, “अरे ऊठ! कोणीतरी विचारते आहे, कोण जागे आहे म्हणून.” त्याने परत फोन लावला. पलीकडे सांगली जिल्ह्यातील एका फडावरून मुक्ता बोलत होती. ऊस भरून झाल्यावर वडिलांचा फोन तिला मिळाला होता. सातवे उदाहरण तिला अडले होते. ओंकारने ते वाचले, दोघांनी मिळून सोडविले. त्यानंतर दर रविवारी रात्री असाच एक इशारा येई आणि ओंकार वही उघडून तयार बसलेला असे. काही रविवारी इशारा येत नसे. तेव्हा तो अकरापर्यंत वाट पाही.

२७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. गुरुजींनी हजेरी घेतली. मुक्ताचे नाव पुकारल्यावर वर्गात क्षणभर कोणी बोलेना. मग ओंकार उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ती उसाला गेली आहे. पण तिचे अपूर्णांक पुरे झाले आहेत. आता गुणोत्तर चालू आहे.” गुरुजींनी हजेरीपटावरची लेखणी तशीच उचलून धरली आणि थोड्या वेळाने ते पुढच्या नावाकडे वळले.

शाळा फार दिवस चालली नाही. साथ पुन्हा वाढली आणि एप्रिलच्या प्रारंभी पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. त्याच महिन्यात टोळी परतली. वह्यांच्या कडा मळल्या होत्या, काही पानांवर उसाच्या रसाचे डाग होते. परंतु एकही पान कोरे नव्हते.

ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा शरद ऋतूच होता. घंटा वाजली तेव्हा गुराख्यांनीही थांबून ती ऐकली. मुक्ताने आपल्या वह्या गुरुजींपुढे ठेवल्या. शेवटच्या पानावर तिने एक संख्यारेषा काढली होती. डावीकडे उचलीची संख्या, मग महिन्यामहिन्याने फिटत गेलेली रक्कम आणि हंगामाच्या शेवटी शून्य. शून्याच्या उजवीकडे रेषा लांबवर गेली होती. पण तेथे काहीच लिहिलेले नव्हते.

“उजवीकडची जागा रिकामी का ठेवलीस?” गुरुजींनी विचारले.

“आमचा हंगाम शून्यावरच संपतो, गुरुजी,” मुक्ता म्हणाली. “पुढचे अजून आले नाही.”

गुरुजींनी ते पान उघडे ठेवूनच वही तिच्या आईला दाखविली. तिला वाचता येत नव्हते. पण उचलीचा हिशेब तिला कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. गुरुजींनी शून्यावर बोट ठेवले आणि मग ते उजवीकडे सरकविले. ती बराच वेळ त्या मोकळ्या रेषेकडे पाहत राहिली.

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळीचा ट्रक निघाला तेव्हा मुक्ताचा धाकटा भाऊ आईचे बोट धरून चालत गेला. मुक्ता गेली नाही. सकाळी ती शाळेत गेली आणि संध्याकाळी आजीने ओसरीवर दोन पाट मांडले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) सन २०२० चा शरद ऋतू निराळा का वाटला?
(आ) ओंकारच्या घरी मोबाइलच्या वापराच्या वेळा कशा ठरल्या होत्या?
(इ) ‘कोयता’ व ‘उचल’ या शब्दांचा ऊसतोडीच्या व्यवसायातील अर्थ सांगा.

२. कारणे द्या.
(अ) मुक्ताने ओसरीवर येणे बंद केले.
(आ) मुक्ताला गावी ठेवण्यास तिची आई तयार झाली नाही.
(इ) वही उतरविल्याने ओंकारचाही लाभ झाला.

३. “घरात ठेवले तर तो नुसता पाला,” या आजीच्या बोलण्याचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. ‘को जागर्ति?’ हे शीर्षक या पाठास कसे शोभते, ते पाठातील दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.

५. ‘ब्र न काढणे’ व ‘उसंत न मिळणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम : शाळा बंद असण्याच्या काळात आपल्या गावी किंवा गल्लीत शिक्षण कसे चालू राहिले, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा-बारा ओळींत लिहा.